.३५७ साठी एकच पावडर घ्यायची तर कुठली?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. चार इंची बॅरलचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर घेतलंय, त्यात .३८ स्पेशलही चालतं म्हणून दोन्ही काडतुसं घरीच भरायचीत, प्रेस आणि डाय (काडतूस भरायची यंत्रं) आलेत, १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) शिशाच्या बुलेट आणून ठेवल्यात, आणि आता पावडरींचा, म्हणजे काडतुसात भरायच्या दारूचा, बर्न रेटचा (कुठली किती वेगाने जळते त्याचा) चार्ट उघडून बसलात तर शंभराच्या वर नावं, त्यातली निम्मी "पिस्टल पावडर" म्हणूनच विकतात. तेव्हा बेस्ट कुठली, आणि एकाच डब्यात दोन्ही कामं होतील का. घरी भरायला तुमच्याकडे कायद्याने परवानगी आहे हे आधीच लिहिलंत ते बरं केलंत, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो.

"बेस्ट कुठली" याला उत्तर नाही, कारण तुम्ही एका बंदुकीबद्दल विचारताय पण कामं दोन आहेत, आणि दोन्हींच्या प्रेशरमध्ये दुपटीचा फरक आहे. सामीच्या (काडतुसांचे मापदंड ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या) स्टँडर्डप्रमाणे .३८ स्पेशलची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि .३५७ मॅग्नमची ३५,०००. पावडर ही प्रेशरवर जळणारी चीज आहे, प्रेशर वाढलं की ती आणखी जोरात जळते, म्हणून जी पावडर पस्तीस हजाराला मस्त जळते ती सतरा हजाराला अर्धवट जळून काजळी आणि न जळलेले दाणे मागे सोडते, आणि जी सतरा हजाराला स्वच्छ जळते ती पस्तीस हजाराच्या लोडमध्ये (तेवढ्या जोराने भरलेल्या काडतुसात) वापरली तर बुलेटला पुरेसा वेग यायच्या आधीच प्रेशर मर्यादेला जाऊन टेकतं. त्यामुळे खरा प्रश्न असा, की तुम्ही महिन्याला जेवढी काडतुसं उडवणार त्यातली बहुतेक हलकी असणार का जोरदार? याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. माझा अनुभव सांगायचा तर मॅग्नम घेणारे जवळजवळ सगळेच पहिले काही आठवडे फुल्ल लोड उडवतात आणि नंतर वर्षानुवर्षं .३८ च्या आसपासचंच भरतात.

रिव्हॉल्वरची एक गंमत आधी लक्षात घ्या, नाहीतर पुढचं सगळं अर्धवट वाटेल. सेमी-ऑटो पिस्तुलात लोडला स्लाइड मागे ढकलायची असते, लोड फार हलका असला तर स्लाइड अडकते, म्हणजे बंदूक स्वतःच सांगते की हे चालणार नाही. रिव्हॉल्वरचा सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) तुमच्या बोटाने फिरतो. अगदी मऊ वॉडकटर (सपाट तोंडाची टार्गेट बुलेट) लोडपासून पूर्ण मॅग्नमपर्यंत ती काहीही मुकाट्याने खाते. म्हणून पावडरीला इथे जेवढी मोकळीक मिळते तेवढी पिस्तुलात कधीच नसते, आणि म्हणूनच निवड अवघड वाटते. बंदूक काही नाकारत नाही म्हटल्यावर नाकारायचं काम आपल्यालाच करावं लागतं, आणि मी ते एका कसोटीवर करतो, की भरताना माझ्याकडून गडबड झाली तर ती मला केसमध्ये (काडतुसाच्या पितळी कवचात) डोळ्याने दिसेल का? वेग, अचूकता, किंमत हे सगळं त्याच्यानंतर.

हे एवढं महत्त्वाचं का, तर .३८ स्पेशलचं केस मुळात काळ्या दारूच्या काळातलं आहे. १८९८ मध्ये ते आलं तेव्हा त्यात सुमारे २१ ग्रेन काळी दारू मावायची आणि केस जवळपास भरायचं. आजची वेगवान स्मोकलेस पावडर त्याच कामाला ३-४ ग्रेनच्या घरात लागते. (हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून देतोय, यावरून भरू नका, चार्ज, म्हणजे एका केसमध्ये टाकायची पावडर, नेहमी मॅन्युअलमधूनच घ्यायचा.) म्हणजे केसच्या तळाशी एक पातळ थर आणि वर सगळी हवा. १९३५ ला .३५७ मॅग्नम आलं तेव्हा केस इंचाच्या आठव्या भागाने वाढवलं, मुख्य हेतू हा की मॅग्नम काडतूस चुकून .३८ च्या बंदुकीत पूर्ण बसू नये. त्यात तर आणखी रिकामी जागा. अशा केसमध्ये चार्ज एकदा पडला काय, दोनदा पडला काय, किंवा तिसऱ्यांदा पडला तरी सांडत नाही! आणि दुहेरी चार्ज म्हणजे सिलिंडरच्या चिंधड्या. उलट, चार्ज पडलाच नाही तर केसच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या नुसत्या प्रायमरच्या जोराने बुलेट बॅरलमध्ये जाऊन अडकते, आवाज फुस्स येतो, आणि पिस्तुलात निदान स्लाइड न हलल्यामुळे माणूस थांबतो, इथे मात्र बोट आपोआप पुन्हा ट्रिगर ओढतं. मागून दुसरी गोळी आली की बॅरल फुगतं.

या कसोटीवर टाइटग्रुप सारखी पावडर नव्या माणसाला मी सांगत नाही. पावडर वाईट नाही, केसमध्ये ती कुठेही पडलेली असो सारखी पेटते, थोड्याशा पावडरीत काम भागतं, एका पौंडात ७,००० ग्रेन असतात त्यामुळे ४ ग्रेनचा चार्ज धरला तर १,७५० काडतुसं निघतात, म्हणून लोकांना ती परवडते. पण ती इतकी कमी आणि इतकी दाट असते की .३५७ च्या केसमध्ये टॉर्च मारूनही "एक का दोन" हे पटकन कळत नाही, शिवाय जळते गरम. बुल्सआयचंही तसंच, १८९८ पासून चालत आलेली पावडर आहे, टार्गेटवाले तिच्यावर जीव टाकतात, अचूकता खरंच सुंदर, पण ज्याची भरायची शिस्त पक्की बसली आहे त्याच्यासाठी ती.

दुसऱ्या टोकाला एच११०, आणि तीच विंचेस्टर २९६ म्हणून विकली जाते. .३५७ चा जास्तीत जास्त वेग पाहिजे तर हीच, केस छान भरते, दुहेरी चार्ज मावतच नाही, बारीक गोल दाणा त्यामुळे मेजरमधून (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्रातून) एकसारखी पडते. मग हीच का नाही घ्यायची? कारण ती खाली उतरत नाही. नेहमी आपण मॅन्युअलच्या कमाल चार्जपासून दहा टक्के खालून सुरुवात करतो ना, ती सवय इथे उलटी पडते. कंपनीच सांगते की दिलेल्या चार्जपेक्षा ३ टक्क्यांहून खाली जाऊ नका. ही पावडर पेटायला अवघड, तिला भरलेलं केस, जड बुलेट, मॅग्नम (जास्त जोराचा) प्रायमर आणि घट्ट क्रिम्प (केसचं तोंड बुलेटवर दाबून बसवणं) लागतो, यातलं एक जरी कमी पडलं तर अर्धवट जळते आणि बुलेट बॅरलमध्ये अडकायची भीती. .३८ स्पेशलमध्ये तर तिचं काही कामच नाही.

तिचा आणखी एक त्रास हळू पावडरींचा सगळ्यांचाच, तो फक्त रिव्हॉल्वरवाल्यालाच कळतो. न जळलेले पिवळसर दाणे रिकामी केसं बाहेर काढताना ती ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली जाऊन बसतात. दाणा केवढा, राईच्या निम्माही नसेल, पण तेवढ्याने चांदणी उचललेली राहते, सिलिंडर बंद होताना घासतो, ट्रिगर जड होतो आणि तुम्हाला वाटतं बंदूकच बिघडली. केसं काढताना नळी पूर्ण आकाशाकडे करून एका झटक्यात एक्स्ट्रॅक्टरचा दांडा दाबायचा, म्हणजे दाणे केसांबरोबर खाली पडतात, आणि जवळ एक जुना टूथब्रश ठेवायचा, दर थोड्या वेळाने चांदणीच्या खालून फिरवायचा.

मधल्या पट्ट्यातल्या पावडरींत तुमचं उत्तर आहे. एचपी-३८ (हीच विंचेस्टर २३१), युनिक, युनिव्हर्सल, अ‍ॅक्युरेट नंबर ५, व्हिताव्हुओरी एन३४०, असे बरेच आहेत. यातली कुठलीही .३८ मध्ये बऱ्यापैकी जळते आणि .३५७ मध्ये पूर्ण मॅग्नम नाही तरी मधला, हाताला सोसणारा लोड देते. मी स्वतः युनिकच्या बाजूचा. जुनी चपटी पावडर, फुगीर, केसमध्ये जागा व्यापते, त्यामुळे लोडिंग ब्लॉकमध्ये पन्नास केसं ओळीने उभी करून वरून टॉर्च तिरका धरला की सगळ्यांची पातळी एका नजरेत दिसते आणि ज्यात डबल पडलंय ते केस वरपर्यंत आलेलं लगेच उठून दिसतं. तोटा असा की तिचे चपटे कण मेजरच्या ड्रममध्ये कापले जातात, मेजरचा दांडा ओढताना हाताला कर्रकन लागतं, आणि चार्ज थोडा कमीजास्त होतो. दांडा दरवेळी त्याच जोराने, त्याच लयीत ओढला तर फरक खूप कमी होतो. ज्यांना हे कर्रकर्र नकोच असतं त्यांनी एचपी-३८ घ्यावी, मेजरमधून ती गुळगुळीत पडते, फक्त केसमध्ये थोडी खाली बसते त्यामुळे तपासणी जास्त काळजीने करायची. तुमच्याकडे हलके लोड जास्त होणार असतील तर एचपी-३८ कडे झुका, मधले जास्त होणार असतील तर युनिक. आणि दोन्ही दुकानात नसतील तर वर लिहिलेल्यांपैकी जी तुमच्याकडे कायम मिळते ती घ्या, दर सहा महिन्यांनी नवी पावडर म्हणजे दर सहा महिन्यांनी सगळं लोड डेव्हलपमेंट पहिल्यापासून.

तुमच्या बुलेटही हाच कौल देतात. साध्या तळाची, गॅस चेक (तळाला बसवलेली तांब्याची टोपी) नसलेली शिशाची बुलेट पूर्ण मॅग्नम वेगाला ढकलली तर बॅरलमध्ये शिसं बसण्याची शक्यता बरीच, मग ते खरवडत बसा. मधल्या वेगाला तीच बुलेट गुपचूप काम करते. लोक लगेच "बुलेट आणखी कडक घ्या" सांगतात पण माझ्या मते कडकपणापेक्षा माप जास्त महत्त्वाचं. बुलेट सिलिंडरच्या थ्रोटला (चेंबरच्या पुढच्या तोंडाला) घट्ट बसणारी पाहिजे, साधारण .३५८ इंच, सैल असली की गरम गॅस बाजूने निसटतो आणि शिसं वितळवत जातो, मग पावडर कुठलीही असो.

आता बर्न रेट चार्टबद्दल. तो फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. सातव्या आणि आठव्या नंबरमध्ये केसाइतका फरक असेल किंवा खूप मोठा, चार्टवरून काहीच कळत नाही, आणि दोन वेगळ्या चार्टांत क्रमही बदलतो. "ही तिच्या शेजारीच आहे म्हणजे तिचा चार्ज हिला चालेल" हा विचार मनात आला की प्रेसपासून उठून बाहेर एक चक्कर मारून या. नावांचाही घोळ असतो. एच११० आणि एन११० या दोन वेगळ्या कंपन्यांच्या वेगळ्या पावडरी आहेत, आणि क्लेज, युनिव्हर्सल क्लेज, इंटरनॅशनल क्लेज नावाच्या तीन पावडरी एकेकाळी शेजारी शेजारी विकायच्या, तिन्हींचा वेग निराळा. डब्यावरचं नाव आणि मॅन्युअलमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळवायचं.

डेटाही पूर्ण घ्यायचा, म्हणजे पावडर, बुलेटचं वजन आणि प्रकार, प्रायमर, काडतुसाची एकूण लांबी सगळं एकत्र. याचं चांगलं उदाहरण ब्लू डॉट या पावडरीचं. .३५७ मध्ये ती वर्षानुवर्षं वापरली जायची आणि २००८ मध्ये ती बनवणाऱ्या अलायंटने स्वतःच सूचना काढली की .३५७ मॅग्नममध्ये १२५ ग्रेनच्या बुलेटबरोबर वापरू नका, आणि .४१ मॅग्नममध्ये तर अजिबातच नको. तीच पावडर, तेच केस, जड बुलेटला चालतं आणि हलक्या बुलेटला चालत नाही. म्हणून आजोबांच्या काळातल्या मॅन्युअलवर भरू नका, कंपनीचा सध्याचा डेटा बघा, आणि शक्यतो दोन ठिकाणचा जुळवून बघा.

प्रेशरच्या "खुणा" बघत बघत वर जाऊ असा विचार असेल तर तोही सोडा. रायफलवाले प्रायमर चपटा झालाय का बघतात, पण .३८ च्या मर्यादेला प्रायमर चपटा व्हायचा संबंधच नाही, तो जेव्हा चपटा दिसेल तेव्हा तुम्ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. केसं सिलिंडरमध्ये चिकटून बसायला लागली, एक्स्ट्रॅक्टरच्या दांड्याला जोर द्यावा लागला, तर ती खूण खरी, पण उशिरा आलेली. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर तो जास्त प्रामाणिक आहे, मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा वेग बराच जास्त येतोय आणि बॅरल तेवढंच, तर प्रेशरही जास्त आहे.

क्रोनोग्राफ हाताशी आहेच तर एक प्रयोग जरूर करा. गोळी झाडायच्या आधी नळी हळूच वर आकाशाकडे करून खाली आणा, म्हणजे पावडर प्रायमरकडे सरकते, वेग लिहून ठेवा. पुढची गोळी नळी जमिनीकडे करून वर आणा, पावडर बुलेटकडे गेली, पुन्हा वेग लिहा. मोठ्या केसमध्ये थोडी पावडर असली की याच्यात सेकंदाला पन्नास-शंभर फुटांचा फरक मला कितीदा दिसलाय, आणि माणूस मात्र बसलेला असतो दशांश ग्रेन मोजत! जी पावडर केस जास्त भरते तिच्यात हा फरक कमी असतो. हळुवार शिशाच्या लोडसाठी ट्रेल बॉस मुद्दाम तशीच बनवली होती, मधे भोक असलेले गोल कण, भरपूर फुगीर, दुहेरी चार्ज केसमधून बाहेरच सांडतो. तुमच्या कामाला छान होती, पण तिचं उत्पादन थांबलं आणि डबा हाती लागणं कठीण झालं, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

छोट्या बॅरलला वेगवान पावडर पाहिजे असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय असं लिहिलंत. हे सगळीकडे सांगतात पण वेगाच्या बाबतीत खरं नाही, लांब बॅरलमध्ये जी पावडर सगळ्यात जास्त वेग देते बहुतेक वेळा तीच छोट्यातही देते. फरक पडतो तो ज्वाळेचा आणि आवाजाचा, हळू पावडर छोट्या नळीतून संध्याकाळी झाडली तर समोर आगीचा गोळा दिसतो आणि शेजारचा माणूस दचकतो. चार इंचाला हे मधलं गणित, त्याची फार चिंता नको.

.३८ च्या दर्जाचे लोडही मी .३५७ च्याच केसमध्ये भरतो, मॅन्युअलमध्ये .३५७ साठी दिलेला हलका डेटा घेऊन. .३८ ची आखूड केसं .३५७ च्या चेंबरमध्ये खूप उडवली की पुढच्या भागात काजळीचं कडं तयार होतं आणि मग लांब केस नीट आत जात नाही. शिवाय डाय पुन्हा पुन्हा सेट करायला नको. पण याची दुसरी बाजू अशी की जागा आणखी मोठी, म्हणजे वर लिहिलेली फुगीर पावडर आणि टॉर्च हे दोन्ही आणखीच गरजेचं. तुमच्याकडे .३८ चं वेगळं रिव्हॉल्वर पण असेल, किंवा पुढे घ्यायचा विचार असेल, तर मग .३८ चीच केसं वापरा.

क्रिम्प हा पावडरीचाच भाग समजा. सिलिंडरमधल्या एका चेंबरची गोळी सुटते तेव्हा बाकीची पाच काडतुसं झटक्याने मागे ओढली जातात आणि त्यांच्या बुलेट जागच्या जागी राहू बघतात, क्रिम्प ढिला असेल तर बुलेट पुढे सरकून सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर अडतो. हळू पावडरीला तर नीट पेटायलाही क्रिम्पचा आधार लागतो. नवा लोड केला की पाच गोळ्या झाडून सहावं काडतूस बाहेर काढा आणि त्याची लांबी कॅलिपरने आधीच्या मापाशी जुळवा.

तर खरेदी अशी करा: आधी युनिक किंवा एचपी-३८ चा एकच पौंडाचा डबा, मोठा डबा नको, आणि साधे स्मॉल पिस्टल प्रायमर. त्यावर काही महिने काढा. नंतर पूर्ण मॅग्नमची हौस आलीच तर दुसरा डबा एच११० चा न घेता २४०० चा घ्या, १९३० च्या दशकातली जुनी पावडर, वेग थोडा कमी देते पण स्वभावाने शांत, बहुतेक डेटा साध्याच प्रायमरवर असतो आणि थोडं खाली उतरवलं तरी रुसत नाही. मात्र तिच्यासाठी बुलेट गॅस चेकवाल्या किंवा जॅकेटवाल्या लागतील. १५ ग्रेनच्या घरातला चार्ज धरला तर पौंडात साधारण ४६६ काडतुसं, म्हणजे खर्चाचं गणित वेगळं, ते आधी डोक्यात ठेवा.

टेबलावर एका वेळी एकच पावडरीचा डबा ठेवायचा. काम संपलं की मेजरचा हॉपर (पावडर ओततात तो भाग) रिकामा करून पावडर तिच्याच मूळ डब्यात, रात्रभर हॉपरमध्ये ठेवली तर सकाळी "ही कुठली होती" याचं उत्तर वासावरून मिळत नाही, आणि खात्री नसेल तर ती पावडर बागेत टाकायची, केसमध्ये नाही. नायट्रोग्लिसरिनवाल्या पावडरी हॉपरचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी करून टाकतात ते वेगळंच. डबा थंड, कोरड्या जागी. उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा गंजासारखी लालसर धूळ दिसली तर ती पावडर खराब झाली, वापरायची नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात राहून गेली. बुलेट नुसत्या शिशाच्या आहेत, का वरून रंगाचा थर (पावडर कोट, दारूशी संबंध नाही) दिलेल्या, का पातळ तांब्याचा मुलामा दिलेल्या? कोट केलेल्या असतील तर वेग जरा वर नेता येतो, मुलामावाल्यांना क्रिम्प जपून द्यावा लागतो नाहीतर मुलामा फाटतो. ते आणि थ्रोटचं माप कळवा, मग कुठल्या टोकापासून सुरुवात करायची ते आणखी नेमकं सांगता येईल.